एका रेषेतली भोकं

कॉम्प्युटर स्लो झालाय असं कुणी म्हणालं की माझी बोटं आपोआप तीन बटणांवर जातात आणि मी आधी यादी उघडतो. कुठला प्रोग्रॅम किती प्रोसेसर खातोय, त्याची यादी. माझ्याकडे शिकायला येणारी पोरं म्हणतात, सर, आधी ग्राफ बघू ना, तो लगेच कळतो. मी सांगतो, ग्राफ फक्त ताप किती आहे ते सांगतो. ताप कशाचा आहे ते यादीत असतं. पोरांना वाटतं, केवढा अनुभव आहे या माणसाला. अनुभव आहेच. एका घराला मी सबंध मे महिना नुसता ग्राफ दाखवला होता.

तेव्हा आम्ही अंबरनाथला बुवापाड्यात राहायचो. दोन हजार सहाचं साल असेल. आमच्या गल्लीत सहा घरांत कॉम्प्युटर होते, सगळे उल्हासनगरच्या दुकानांतून सुटे भाग जुळवून आणलेले. आम्ही सहा पोरांनी पत्र्यांवरून निळी केबल फिरवून ती सहा घरं जोडली होती आणि तिच्यावर बंदुकांचा गेम खेळायचो. कुणाच्या तरी आईने दोरी समजून केबलवर गोधडी वाळत घातली की केबल निसटायची आणि सगळ्यांचाच गेम बंद पडायचा. भारनियमनाचे तास सोडले तर सुट्टीचा दिवस त्यातच जायचा.

सहा जणांत पहिला नंबर कायम माझ्या समोरच्या दारातल्या मित्राचा. सहावा कायम माझा. हार्डवेअरचा कोर्स करणारा मी, सगळ्यांचे कॉम्प्युटर उघडून दुरुस्त करणारा मी, आणि गोळी खाऊन पहिला मरणाराही मीच. तो बारावीला दोनदा आपटलेला, अंबरनाथच्या सरकारी फॅक्टरीच्या अप्रेंटिसच्या परीक्षेतही नापास. त्याचे वडील त्याच फॅक्टरीत फिटर होते, त्यामुळे ते नापास होणं घराला जास्तच लागलं होतं. गल्लीतल्या बायका त्याच्या आईला मुद्दाम विचारायच्या, काय करतो हल्ली तुमचा? ती बिचारी विषय बदलायची. पण केबलवर तो राजा होता. कुठून मागून यायचा कळायचं नाही. आपण मेलो की स्क्रीनवर त्याचं नाव यायचं आणि पाच घरांतून एकदमच शिवी ऐकू यायची. मला ते सहन व्हायचं नाही. सरळ सांगतो, मी जळायचो.

त्या एप्रिलमध्ये उल्हासनगरच्या कॅम्पात, एका कापडदुकानाच्या माळ्यावर गेमिंग पार्लर चालवणाऱ्या सिंधी शेठनी जूनमधली स्पर्धा जाहीर केली. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, कुठूनही टीम आणा, एका टीममध्ये पाच जण. शेठ सगळ्यांना ‘साईं’ म्हणायचे, आमच्यासारख्या फाटक्या पोरांनाही. आम्ही नाव द्यायला गेलो तेव्हा ते म्हणाले, “देखो साईं, बदलापूर में दुसरा पार्लर खोल रहा हूँ. उधर गद्दी पे बैठने को मेरे को गेम समझने वाला लडका चाहिए. बाहर का नहीं लूँगा. जो खेलने आएगा, उसी में से एक उठाऊँगा.”

सगळ्यांनी माझ्या मित्राकडे पाहिलं. तो खाली बघून चपलेने फरशी घासत राहिला. त्याला एवढं खूश मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला तो त्या क्षणी अजिबात आवडला नाही.

घरी जाऊन त्याने वडिलांना सांगितलं तेव्हा मी तिथेच होतो. काका कमी बोलायचे. जेवताना जेवण, पेपर वाचताना पेपर, असा माणूस. त्यांनी पोराचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे खेळलास तर नोकरी?”

“लागेल असं वाटतं, पप्पा.”

“मग खेळ. पण ड्यूटीसारखं खेळ. टाइमपास नको.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच्या लोखंडी खुर्चीच्या पायांना रबराची बुचं बसवली, कारण ती डुगडुगायची. त्यांचं प्रेम असंच असायचं. बोलून काही नाही, काहीतरी ठोकून-बसवून द्यायचं.

जागा पाच आणि आम्ही सहा. गल्लीच्या टोकाला राहणारा एक जण कॅप्टन होता. त्याने नियम केला: मे महिन्यातले चार रविवार, दुपारी, आपापल्या घरून गेम लावायचे, चारही रविवारचे पॉइंट मिळून जो शेवटचा, तो बाहेर. शेवटचा कोण ते सगळ्यांना माहीत होतं. फक्त माझं नाव कुणी घेतलं नाही, एवढीच काय ती लाज राखली.

मला घरी मित्राने स्वतःच बोलावलं होतं. गेमची नवी आवृत्ती आली होती, तेवढी टाकून दे म्हणाला. क्लासमध्ये मी जरा प्रोग्रॅमिंग शिकलो होतो आणि एक छोटासा प्रोग्रॅम तयार केला होता. तो काही करायचा नाही, नुसते आकडे मोजायचा, कुणी थांबवेपर्यंत. मित्राच्या कॉम्प्युटरला जुना, एकच प्रोसेसर. हा मोजायला बसला की अर्धी ताकद त्याच्याच घशात. फ्लॉपीवरून मी तो आत टाकला, त्याला सिस्टिमच्या फाइलीसारखं नाव दिलं, आणि स्क्रीनवरचं गेमचं चिन्ह असं बदललं की त्यावर क्लिक केल्यावर गेम सुरू व्हावा आणि गुपचूप माझा मोजणाराही. गेम बंद केला की दोन्ही बंद. मित्र तेव्हा नळावर पाणी भरायला गेला होता. त्याच्या आईने मला पोहे दिले. चांगले झाले होते, मी दोनदा मागून घेतले.

पहिल्या रविवारी तो मेला, पुन्हा मेला, आणि मरतच राहिला. त्याचा माणूस पळता पळता जागीच थबकायचा, आणि तो हलेपर्यंत कुणीतरी त्याला उडवलेलं असायचं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला मारलं, तेही एकदा नाही, नऊ वेळा. गेम संपल्यावर तो कट्ट्यावर आला आणि म्हणाला, “माझा पीसी हँग होतोय यार.” कॅप्टन हसला. “नाचता येईना, अंगण वाकडं!” सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्याने हसलो आणि मग त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणालो, “चल, बघतो मी.”

मी गेम चालू ठेवून तीन बटणं दाबली आणि त्याला ग्राफ दाखवला. काळ्या चौकोनात हिरवी रेघ वर जाऊन छताला चिकटली होती. शंभर टक्के. तो घाबरून बघत राहिला. शेजारच्याच टॅबवर यादी होती, तिच्यात गेमच्या खालच्या ओळीत माझा मोजणारा बसलेला होता, अर्धा प्रोसेसर पोटात घालून. एक क्लिक. मी त्या टॅबवर गेलो नाही आणि मी जे दाखवत नाही ते बघायचं त्याला सुचलं नाही. डॉक्टरने एक्स-रे दाखवला की पेशंट एक्स-रेकडेच बघतो.

काका मागे उभे राहून हे बघत होते. त्यांनी कपाटातून एक शंभर पानी वही काढली, पट्टीने रकाने आखले आणि वर लिहिलं, ‘यंत्र: कॉम्प्युटर’. मग मला समजावलं, “आमच्याकडे प्रत्येक मशीनचं कार्ड असतं. तक्रार काय, काय केलं, रिझल्ट काय. खाली दोन सह्या. एक करणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. स्वतःचं काम स्वतः पास करायचं नसतं. दोन सह्या झाल्या की कार्ड बंद.” करणारे ते आणि त्यांचा मुलगा, तपासणारा मी. मला हसू आलं होतं. मी झोकदार सही केली.

मग आम्ही काय काय केलं म्हणून सांगू! व्हायरस पकडणारा प्रोग्रॅम बंद केला. गेममधली चित्रं बारीक केली, इतकी की माणूस आणि खांब यांत फरक कळेना. मी म्हणालो रॅम काढून खोडरबराने घासा. काकांनी ती पट्टी बोटांच्या चिमटीत धरून अशी घासली की तिचे दात सोन्यासारखे चमकले. मी म्हणालो धूळ असेल. त्यांनी रंगाचा नवा ब्रश आणून पंख्याचं एकेक पातं साफ केलं. दर वेळी वहीत नोंद व्हायची, ‘सुधारणा नाही’, आणि खाली मी सही करायचो. दुसऱ्या रविवारी मित्र पुन्हा शेवटचा आला. सगळं पुसून नव्याने टाकू या का, असं त्यानेच विचारलं. मी म्हणालो, बरोबर बोललास. सगळं पुसलं, सगळं नव्याने टाकलं आणि शेवटी खिशातली फ्लॉपी घालून माझा मोजणाराही जागेवर बसवला. ‘फॉरमॅट केले. सुधारणा नाही.’ सही.

खरं सांगायचं तर मला मजा येत होती. गेममध्ये जिंकण्याची नव्हे, ती तर दुसऱ्याच रविवारी ओसरली. मजा याची, की एक अख्खं घर माझ्या तोंडाकडे बघत होतं. मी भुवई उचलली की ते घाबरायचे, मी मान डोलावली की चहा यायचा. घरी मला कुणी विचारायचं नाही, आणि इथे काकांसारखा माणूस माझा शब्द वहीत उतरवून घेत होता.

तिसरा रविवारही मित्राचा वाया गेला. त्यानंतर काकांनी मला न विचारता एक गोष्ट केली. सुट्टी टाकली, हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि मुलाला चित्र काढायच्या प्रोग्रॅमवर नुसत्या रेघा मारायला बसवलं. एक तास. काही नाही. मग गाणी लावली. काही नाही. मग गेम लावला, आणि एका मिनिटात ती हिरवी रेघ छताला. संध्याकाळी मी गेलो तेव्हा वही माझ्यापुढे सरकवून म्हणाले, “वाच.” वहीत लिहिलं होतं: ‘चित्र काढताना ठीक. गाणी ठीक. गेम लावला की एका मिनिटात बिघाड.’

आठवी शिकलेला माणूस. माझा सगळा कोर्स जिथे नेऊन पोचवतो, तिथे हा एका मनगटी घड्याळावर येऊन पोचला होता. गेमबरोबर आणखी काय सुरू होतं, एवढाच प्रश्न बाकी होता. तो त्यांनी विचारायच्या आत मी म्हणालो, “लोड, काका. गेमचा लोड आला की प्रोसेसर तापतो. तापला की हळू होतो. हीटचा प्रॉब्लेम आहे.”

त्यांनी कॅबिनेटवर तळहात ठेवला. मे महिना, वर पत्रा. त्या घरात देव्हाऱ्यातल्या बुद्धाची मूर्तीसुद्धा गरम लागत असेल. “तापलाय खरा,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. हीट त्यांना कळत होती. चाळीस वर्षं त्यांनी तापणारी मशीनंच सांभाळली होती. कॅबिनेटला पुढून हवा यायला जागाच नाही, मागे एक पंखा कुठवर ओढणार, समोरच्या पत्र्याला होल मारून आतून पंखा बसवला की झालं. मी म्हणालो, “एक नंबर, काका.”

चौथ्या रविवारच्या आदल्या दुपारी त्यांनी काम काढलं. मी होतो. मित्र त्यांच्या शेजारी बसून बॅटरी धरून होता. बाजूचं झाकण निघालं, पण समोरचा पत्रा निघेना. काका म्हणाले, “हा रिव्हेटचा आहे, सुटत नाही. बोर्ड आत ठेवून ड्रिल मारणं बरं नाही. असं करतो, सोमवारी उल्हासनगरला दुकानात नेतो. बोर्ड तेच काढतील, आणि मशीन पण एकदा चेक होईल.”

दुकानातला माणूस काय करेल ते मला माहीत होतं. तो गेम लावेल आणि यादी उघडेल.

“सोमवारी कशाला काका?” मी म्हणालो. “उद्याच तर शेवटचा रविवार. बोर्डवर ओलं फडकं टाका आणि मारा. काही होत नाही.”

ते थांबले. त्यांच्या हाताला ते पटत नव्हतं, हे मला दिसत होतं. पण कॉम्प्युटरचं मला कळतं असं त्यांनी एकदा ठरवलं होतं, आणि फॅक्टरीत जसं तपासणाऱ्याचं ऐकायचं तसं त्यांनी माझं ऐकलं. “तू म्हणतोस तर ठीक.”

तसं काम मी पुन्हा पाहिलं नाही. आधी पत्र्यावर टोकदार सळईने रेघा ओढल्या, पट्टी दोनदा लावून पाहिली, प्रत्येक जागी खूण ठोकली. मग ड्रिलच्या टोकाला तेलाचा थेंब लावून एकेक भोक. बारा वर, बारा खाली. कानशीने कडा घासल्या, बोट फिरवलं तरी लागणार नाही अशा. फडकं अलगद उचललं, लोहचुंबक फिरवून पडलेला कीस गोळा केला. मग मुलाला म्हणाले, आतून बॅटरी मार. समोरच्या भिंतीवर प्रकाशाचे चोवीस ठिपके दोन सरळ ओळींत उमटले. “बघ,” ते म्हणाले. एवढंच. मुलगा हसला. बापलेक एकमेकांकडे बघून हसताना मी त्या घरात तेव्हाच पाहिले.

तेल लागलेला कीस फडक्याच्या कडेने घसरून बोर्डाच्या मागे गेला होता. तिथे चुंबक पोचत नाही. मित्राने बटण दाबलं. चट् असा आवाज झाला, जळका वास आला आणि काहीच सुरू झालं नाही.

त्याने पाच-सहा वेळा बटण दाबलं. मग उठला. खुर्ची मागे पडली, रबराच्या बुचांसकट.

“फॅक्टरीत भोकं पाडायचा पगार मिळतो म्हणून घरात पण पाडायची का?” तो ओरडला. “आयुष्यभर दुसरं काय केलंत तुम्ही? एक गोष्ट होती माझ्याकडे. एकच. तिला पण भोकं पाडलीत.”

काका ड्रिल हातात धरून उभे होते. “चूक झाली,” ते म्हणाले.

“तुमच्या हातात काही द्यायलाच नको होतं!”

“अरे, बाप आहे तो तुझा,” आई आतून म्हणाली. तो चपला न घालता बाहेर गेला.

ते सगळं थांबवणारं एक वाक्य माझ्याकडे होतं. सात-आठ शब्दांचं. ते दातांपर्यंत आलं होतं असं काही मी म्हणणार नाही, कारण आलं नव्हतं. मला फक्त सुटल्यासारखं वाटत होतं. मशीन मेलं, आता यादी कोण उघडणार? काका खाली बसले आणि त्यांनी सवयीने वही ओढली. मी म्हणालो, “निघतो, काका,” आणि सही न करता निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्र माझ्या दारात आला. डोळे सुजलेले. “आज तुझ्या पीसीवर खेळू दे,” म्हणाला. “तुझे गेम झाले की मग मी. कॅप्टनला मी सांगतो.” एक दुपार. त्या एका दुपारी माझ्या मशीनवर तो पहिला आला असता आणि कुणीतरी म्हणालं असतं, अरे, खरंच पीसीच खराब होता याचा. मी म्हणालो, “माझा पण तापतोय रे. हीट आहे ना.” त्याने माझ्या कॅबिनेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि गेला. जाताना त्याच्या हातात रुमालात गुंडाळलेली हार्ड डिस्क होती, ती मीच मागून घेतली, काही वाचतंय का बघतो म्हणून. माझ्या मोजणाऱ्यासकट सगळी कोरी करून चार दिवसांनी परत दिली.

मी पाचवा आलो. स्पर्धेत आमची टीम दुसऱ्याच मॅचला हरली, पण शेठना शब्द पाळायचा होता. त्यांनी पाचांना रांगेत उभं केलं, प्रत्येकाला काय काय येतं ते विचारलं, आणि माझ्यापाशी थांबले. “तेरे को रिपेअर भी आता है? फिर तो साईं तू ही बैठ.” बदलापूरला स्टेशनजवळच्या त्या पार्लरच्या गद्दीवर मी तीन वर्षं बसलो. आज जे काही माझं आहे, ते तिथून सुरू झालं. मित्र अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत कंत्राटावर पॅकिंगला लागला. पार्लरची पायरी तो कधी चढला नाही.

दोन हजार नऊला काका रिटायर झाले आणि त्यांनी बदलापूरला, कुळगावात एक खोली घेतली. एका दुपारी ते पार्लरच्या दारात येऊन उभे राहिले. आत पोरांचा गोंधळ, कानात गोळ्यांचे आवाज. ते म्हणाले, “सवड झाली की घरी येऊन जा. एक काम राहिलंय तुझ्याकडे.” टीव्हीचं वगैरे असेल असं मला वाटलं. पण जाताना वाटेत मी ते वाक्य जुळवलं. काका, मशीन चांगलं होतं, ते मीच बिघडवलं होतं. दोनदा पुटपुटलोही. आता कुणाचं काही जाणार नव्हतं, माझं तर नाहीच. म्हणूनच धीर आला असावा.

दार काकूंनी उघडलं. आत शिरल्या शिरल्या स्वयंपाकाच्या ओट्याखाली ते कॅबिनेट दिसलं. आतलं सगळं काढून टाकलेलं, आडवं ठेवलेलं, आणि त्यात कांदे-बटाटे.

“हवा खेळती राहते,” काका म्हणाले. “तीन वर्षांत एक कांदा सडला नाही. भोकं बघ. पट्टी लावून बघ, एका रेषेत आहेत.”

“आहेत, काका.”

“त्यानंतर घरात हातात ड्रिल नाही घेतलं यांनी,” काकू म्हणाल्या. “भिंतीत खिळा ठोकायचा तर शेजाऱ्याला बोलावतात.”

“तो बोलतो का आता?” मी विचारलं.

“बोलतो की. कामापुरतं. डबा, चावी, लाइट बिल.” काकांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. बुचं अजून होती. “एक विचारू? तुझा आता धंदाच हा आहे. चित्र काढताना कधी अडला नाही, गाण्याला नाही, फक्त गेमला. नुसत्या हीटने असं होतं?”

माझं वाक्य तयार होतं. त्यांनी तर दार उघडूनच दिलं होतं, फक्त आत पाऊल टाकायचं. मी त्यांच्या हातांकडे पाहिलं, ओट्याखालच्या भोकांकडे पाहिलं, आणि मला भीती वाटली. ते मला मारतील याची नाही. ते मला माफ करतील आणि मग वहीत लिहून ठेवतील, याची.

“लोड असतो, काका,” मी म्हणालो. “लोड आला की होतं तसं.”

त्यांनी मान हलवली आणि उशीखालून ती शंभर पानी वही काढली. शेवटचं लिहिलेलं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. ‘हवेसाठी समोरच्या पत्र्यास चोवीस होल. कीस बोर्डामागे गेला. यंत्र कायम बंद. कारण: करणाऱ्याचा निष्काळजीपणा.’ खाली करणाऱ्याची सही, त्यांची. शेजारचा रकाना रिकामा.

“माझी फॅक्टरीतली सगळी कार्डं बंद करून आलो मी,” ते म्हणाले. “हे एक उघडं राहिलंय. तू त्या दिवशी गडबडीत निघून गेलास. निष्काळजीपणा हा शब्द बरोबर आहे ना? आणखी काही लिहायचं असेल तर सांग.”

“बरोबर आहे, काका.”

“मग कर सही. नीट कर, वाचता आली पाहिजे.”

मी नीट सही केली. त्यांनी ती आधीच्या पानांवरच्या माझ्या सह्यांशी ताडून पाहिली, वही मिटली, आणि कितीतरी दिवसांनी मोकळा झाल्यासारखा त्यांचा चेहरा दिसला. मग त्यांनी आत हाक मारली, “अगं, याला पोहे कर. आवडतात त्याला.”

काकूंनी वाकून कॅबिनेटमधून दोन कांदे काढले. पोहे झाले, आणि मी ते खाल्ले.